कुणाचाच राग नव्हता

तारांगणातला निवेदक स्वतःला फार शहाणा समजायचा, आणि त्यात एकट्या त्याचा दोष नव्हता. रोज अंधारात घुमटाकडे तोंड करून बोलायचं, समोरचा एकही चेहरा दिसत नाही. अशा माणसाला टोकणार कोण?

त्याची थोरली बहीण मात्र वर्षभर माफी मागत होती. भांडणाच्या भरात ती लेकीला "जळो तुझं तोंड" म्हणाली, आणि त्याच दुपारी घर पेटलं. लेक आत होती. वायरिंग जुनं होतं, असं आग विझवणाऱ्यांनी सांगितलं. ताईला ते पटेना. पापी शहर देवाने आकाशातून आग पाठवून जाळलं, ही जुनी गोष्ट तिला तोंडपाठ होती. "माझ्या जिभेची शिक्षा," म्हणायची, आणि गुडघे सुजेपर्यंत देवापुढे बसायची. जेवण नावाला.

भावाच्या जिवाला घोर लागला. तारांगणात नेमका त्या शहरावरच नवा खेळ आला, तेव्हा त्याला वाटलं, औषध सापडलं. ताईला त्याने ओढतच आणलं आणि जीव ओतून सांगितलं. आकाशातून भलामोठा दगड आला असेल, जमिनीला टेकण्याआधी हवेतच फुटला असेल, त्या धगीने शहर भाजलं असेल. वर, लिहून दिलेलं नसताना, खास तिच्यासाठी पदरचं जोडलं, "कुणी पाप केलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. दगड आपल्या वाटेने चालला होता. शहर मध्ये आलं, इतकंच."

अंधारात कुणीतरी हुंदका दिला. सुटली बिचारी, त्याला वाटलं.

दिवे लागले. सगळे गेले तरी ताई बसूनच होती.

"कळलं ना, ताई? तुझ्या बोलण्याने काही झालं नाही."

"कळलं रे."

"मग रडतेस कशाला?"

"कुणीतरी रागावलंय असं वाटत होतं, तोवर माफी मागायला कुणीतरी होतं. पोरगी त्याच्यापाशी असेल, असंही वाटायचं. आता त्या दगडाला विचारू, माझी पोर कुठे आहे म्हणून?"

करायला गेला एक आणि झालं भलतंच.

त्या दिवसापासून ताईने देवापुढे बसणं सोडलं. गुडघ्यांची सूज उतरली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. भाऊ ताट घेऊन दारात उभा राहायचा. ताई, निदान माफी तरी माग, असं त्याच्या अगदी ओठांवर यायचं. पण ती आता कुणाकडेच काही मागत नव्हती.