बिनविम्याचे काका

टकळीचे बाबा एका बड्या कंपनीच्या नावाने हॉटेल चालवायचे. पाटी कंपनीची, मसाले कंपनीचे, डोक्यावरच्या टोप्यासुद्धा कंपनीच्या. बाबांचे फक्त कष्ट. आणि विमे! विमे उतरवल्याशिवाय कंपनी कुलूपसुद्धा उघडू देत नाही. आगीचा वेगळा, गिऱ्हाइकाला इजा झाली तर त्याचा वेगळा, स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचा वेगळा. या शेवटच्यासाठी प्रत्येक कामगाराचं नाव आधी कळवावं लागतं.

तळणी सांभाळणाऱ्या काकांचं नाव बाबांनी कधीच कळवलं नव्हतं. "सख्ख्या भावाला नोकर म्हणून दाखवू? जीभ झडेल माझी!"

काकाही खूश. बाकीच्यांच्या छातीवर नावाचा बिल्ला, काकांच्या छातीवर नुसते तेलाचे डाग. "मला बिल्ला कशाला? लोक नाकावरून ओळखतात," म्हणायचे. दोघा भावांची नाकं खरंच एका साच्यातली होती.

मग गेल्या आठवड्यात तळणीची जाळी काकांच्या हातून निसटली, उकळतं तेल उसळलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन केलं तर बोटं वळतील. नाहीतर कायमची ताठ.

आज टकळी शाळेतून थेट हॉटेलात आली, तेव्हा विम्याचे साहेब बसले होते. समोर बाबा, शेजारी पट्ट्या गुंडाळलेल्या हाताचं गाठोडं मांडीवर घेऊन काका. आई गल्ल्यापाशी उभी होती.

"म्हणजे हे जेवायला आले होते?" साहेबांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "हात धुवायला म्हणून आत वळले. आमच्या माणसाचा धक्का लागला आणि तेल सांडलं."

"तुमच्याकडे काम नाही करत?"

"छे, छे! गिऱ्हाईक म्हणूनच येतात. लांब राहतात."

टकळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका रोज सगळ्यांच्या आधी येऊन भट्टी पेटवतात, आणि आता हात गेला तर लगेच गिऱ्हाईक? लांबचे? काका तर मान खाली घालून बसलेले. तिला रडूच फुटलं.

"बाबा, लाज नाही वाटत? साहेब, हे खोटं बोलतायत! काका रोज इथेच तळणीवर असतात. हे हॉटेल काकांच्याच जिवावर चालतं!"

"अगं ए, गप्प!" आई पुटपुटली, पण बाण सुटला होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता.

"बाळ, गिऱ्हाईक असते तर ऑपरेशनचा खर्च विम्यातून निघाला असता. कामगार म्हणून नाव कळवलेलं असतं, तरी निघाला असता. हे दोन्हींत बसत नाहीत." मग बाबांकडे वळून म्हणाले, "बिनविम्याचा माणूस तळणीवर होता, हे तुमच्या कंपनीला कळवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

बाबा साहेबांना दारापर्यंत सोडायला गेले आणि तिथेच रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"मला कुणी सांगितलं का नाही?" टकळी कशीबशी म्हणाली.

"तू शाळेत होतीस गं," आई म्हणाली. "सकाळीच ठरलं. भाऊजी तयारच होत नव्हते, ह्यांनी पाया पडून तयार केलं."

टकळीला वाटलं, कुणीतरी आपल्याला एक सणसणीत ठेवून द्यावी. कुणीच दिली नाही.

"जाऊ दे गं," काका म्हणाले. "मला कुठे जमत होतं ते सोंग? सकाळपासून गिऱ्हाईक होऊन बसलोय, पण लक्ष सगळं तळणीकडे."

आईने चहा आणून ठेवला. काकांनी डाव्या हाताने कप उचलला; तो कलला आणि अर्धा चहा टेबलावर सांडला. टकळीने धरायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाले. "आता याच हाताला शिकवायला हवं."