दुसरी किल्ली

गेशेने पांघरुणं काळ्या पिशवीत कोंबली, वर उशी दाबली आणि पिशवी समुद्राच्या बांधापलीकडे, मेंढ्यांच्या कुंपणाला टेकवून ठेवली. परत येऊन तिने गाडीत डोकं घालून वास घेतला. ओले मोजे, कांदा, माणूस. तिने खिडक्या उघडल्या आणि चहाचं आधण ठेवलं. चहाचा वास चालतो. सहलीच्या गाडीला तो शोभतोही.

जाहिरातीत तिने लिहिलं होतं : कॅम्पर व्हॅन, १९७२ची, मूळ निळा-पांढरा रंग, आतलं लाकूडकाम हाताचं, हौसेने जपलेली. लाकूडकामाचं खरं होतं. होड्या बांधणाऱ्या तिच्या बापाने आणि तिने मिळून ती गंजकी गाडी पुन्हा उभी केली होती. पण बाप गेला, पाठोपाठ भाड्याचं घर गेलं, आणि गेल्या हिवाळ्यापासून गेशे गाडीतच राहत होती. तिच्या नऊ वर्षांच्या तोम्केला बालकल्याणवाल्यांनी दुसऱ्या एका कुटुंबाकडे ठेवलं होतं. ‘पत्ता आणा, मुलगी न्या.’ नॉर्डन गावच्या घरमालकीण उबेनबाई भाड्याच्या दोन खोल्या तिच्यासाठी आज संध्याकाळपर्यंतच अडवून ठेवणार होत्या.

“मोइन, नमस्कार! हीच का म्हातारी?” गाडीच्या नाकावर थाप मारत, जाहिरात वाचून आलेला हार्म म्हणाला. गोरापान, निवृत्त, खिशात टॉर्च. मागे त्याची बायको फ्राउके पर्स छातीशी धरून उभी होती.

“हिच्या साठाव्या वाढदिवसाची भेट,” तो म्हणाला. “हिला कुठं जायचं नसतं, पण मला जायचंय ना! काय गं?”

फ्राउके हसली. तो बोलला की हसायचं असतं, तशी.

“रंगाखाली गंज लपवलाय का बघतो हं, बाई. विकायला काढलेल्या गाडीत काहीतरी लपवलेलं असतंच.” असं म्हणून तो आडवा झाला आणि गाडीखाली सरकला.

फ्राउके आत चढली. कपाटं, पलंग, पडदे, कशाकडेही तिने पाहिलं नाही. तिने दार सावकाश ओढून घेतलं, आतून कुलूप लावलं, ओढून पाहिलं. उघडलं. पुन्हा लावलं.

“बाहेरून किल्लीने उघडतं?”

“वरची कडी घातली की नाही उघडत.”

गेशेने दोन कपांत खडीसाखर टाकून वर चहा ओतला. साखर तडकली. खालून हार्मचा खोकला आला आणि फ्राउकेचा कप ओठांपाशीच थांबला. खोकला थांबल्यावर ती प्यायली.

“तुम्ही यात राहता,” ती हळूच म्हणाली.

गेशेने खडीसाखरेचा डबा बंद केला.

“आरशाखाली दोन ब्रश राहिलेत. एक छोटा आहे.”

“मुलीचा.” गेशेने ते झटकन उचलून खिशात टाकले. “त्यांना सांगू नका. ही गाडी आज गेलीच पाहिजे. पाया पडते.”

“एकटीला जमतं?”

जमतं म्हणाली असती तर सौदा तिथंच पक्का झाला असता. गेशेने खिडकीबाहेर पाहिलं.

“नाही जमत. हाडं गोठतात. लोक हाकलतात.” मग दाराच्या कडीकडे. “पण झोप लागते.”

फ्राउकेने कप खाली ठेवला. “मला चालवता येते,” ती म्हणाली. “लग्नाआधी भावाची दुधाची गाडी मीच न्यायचे. यांना नाही आवडत.” आणि कुलपावरून बोट फिरवत, “किल्ल्या किती आहेत?”

गेशेने जुडग्यातली एक किल्ली सोडवली आणि कपाशेजारी ठेवली. कप आवरताना ती किल्ली तिथं नव्हती.

हार्म हात पुसत आला. “इंजिन म्हातारं आहे, पण सांगाडा ठणठणीत. घेतो. आणा किल्ल्या.”

“एकच आहे.”

“आणि दुसरी?”

“हरवली.”

“वा! म्हणजे कुलपं बदलणं आलं. मग हजार कमी.”

“आकडा आपला फोनवर ठरला होता.” गेशे पुढे झाली. “माझी मुलगी... मला पुरे पैसे लागतात हो.”

“मग शोधा की. गाडीतच असेल. थांबतो मी, घाई कुणाला आहे?” त्याने स्वतःच खण उपसायला सुरुवात केली. चमचे, काडेपेट्या खाली पडल्या. फ्राउके दाराशी उभी होती, उजवा हात कोटाच्या खिशात. चेहरा पांढराफटक.

तिसऱ्या खणाला त्याने हात घातला तेव्हा गेशे म्हणाली, “राहू द्या. करा कमी.”

संध्याकाळी उबेनबाईंनी पैशांचं पाकीट बघून ओठ मुरडले. “हे अपुरे आहेत, गेशे.”

“हो.”

“मग एकच खोली मिळेल. मोठीला कुलूप राहील. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही.”

बालकल्याणकडून पाहणीला आलेल्या बाईला गेशेने ती खोली तोम्केची म्हणून दाखवली. स्वतःची गादी तिने स्वयंपाकघराच्या आडोशाच्या फळीमागे उभी केली होती. बाईने दोनदा विचारलं, तुम्ही कुठं झोपता? गेशे म्हणाली, इथंच. बाईने फळीकडे पाहिलं, मग तोम्केच्या पलंगाकडे, आणि सही केली.

जानेवारीतल्या एका सकाळी, तोम्के शाळेच्या गडबडीत खात असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला.

“टाकी गोठलीय,” बाईचा आवाज म्हणाला. “नळाला पाणीच येत नाही. मी एकटीच आहे.”

गेशेने कोण, कुठून, काही विचारलं नाही.

“उकळतं ओतू नका, फुटेल. कोमट पाण्यात फडकी भिजवून नळाभोवती गुंडाळा. बाटलीत पाणी आहे?”

“नाही. बर्फ आहे. पुष्कळ.”

“मग बर्फ वितळवा. आणि आधी चहा करून घ्या.”

फोन बंद झाला. तोम्केने विचारलं, “कोण होतं गं, आई?”

“गाडीचं विचारत होत्या.”

“पण ती विकली ना आपण?”

“विकली की,” गेशे म्हणाली, आणि फोन आत न नेता तिने आपल्या ताटाशेजारीच ठेवला.