न निघालेला सूर

मित्रांनो, मुलांचे कान तपासणारी एक जुनी पेटी मी. केंटकीच्या डोंगरातल्या एका शाळेत, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. नवी होते तेव्हा नर्स टॅकेटबाई मला मऊ फडक्यानं पुसत. मुलांच्या कानांवर माझ्या वाट्या बसवत, बटण दाबत. माझ्या पोटातून सुईसारखा बारीक सूर निघे. ज्याला ऐकू येई, तो हात वर करी. पुढे माझी आठवण वर्षातून एकदाच होऊ लागली. वायर झिजली, अंगावर धूळ साचली.

आठ वर्षांची आयडेला दरवर्षी माझ्या तपासणीत पास होई. पण मला तिची धास्ती वाटे. कधी कधी तिचा हात सुराच्या आधीच वर जाई.

वर्गात ती हाकेला वळत नसे, म्हणून हट्टी ठरली. मधल्या सुट्टीत तिला भिंतीकडे तोंड करून उभं करत. शेवटी तिची आई रनीटा अर्जाचा कागद घेऊन आली : माझ्या मुलीची पूर्ण तपासणी करा.

मुख्याध्यापक स्टँपर हसले. "अहो बाई, पोरगी पास होतेय. पास होणाऱ्याची कसली तपासणी?"

"मग रोज शिक्षा का होते तिला?"

"नाठाळ आहे म्हणून! चला, तुमच्यासमोरच कान बघू. पास झाली तर हा कागद परत न्यायचा."

टॅकेटबाईंनी सहा वेळा बटण दाबलं. आयडेलाचा हात सहा वेळा वर गेला.

"घ्या! सहापैकी सहा," साहेब म्हणाले.

पण मित्रांनो, त्या दिवशी माझ्यातून एकही सूर निघाला नव्हता. वायर आतून तुटली होती. त्या मुक्या खोलीत इवला हात वर, खाली, वर, खाली. जणू मी मेल्यावरही माझ्या जागी कुणीतरी गात होतं.

वाट्या पुसता पुसता टॅकेटबाईंनी एक सहज कानाला लावली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"साहेब, पेटी बंद आहे."

त्या आयडेलासमोर बसल्या. "बाळा, तुला काय ऐकू आलं गं?"

ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. "ऐकायचं असतं? बटण दाबताना तुमची भुवई वर जाते. मग मी हात वर करते. सगळे तसंच करतात ना?"

टॅकेटबाईंनी रनीटाचा कागद साहेबांपुढे सरकवला.

"पास असो की नापास," टॅकेटबाई म्हणाल्या, "शंका आली की तपासायचं काम शाळेचंच. करा सही."

साहेबांनी सही केली.

मित्रांनो, मला आता फेकलंत तरी चालेल. पण कुणा मुलाला हट्टी म्हणण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागून हाक मारून बघा. ते वळलं नाही, तर रागावू नका. पुढे या, आणि त्याच्यासमोर बसा.