भावोजींचा हात

"दादा, याने कधी झटका खाल्लेला नाही ना?" भावोजींनी विचारलं. दोर मांडीवर घेऊन ते हातभर हातभर पुढे सरकवत होते.

मी चहा गाळत होते. हे बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही."

दोघे भाऊ झाडांच्या धोक्याच्या फांद्या उतरवायचं काम करत. कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवून चढायचं, फांदी कापायची. दोर पारखावा तो भावोजींनीच. डोळे मिटून ते तो बोटांतून जाऊ देत. आत कुठे जरा मऊ पडला असला, कडक झाला असला, की बोटं तिथे थांबत. दुसरे कामगारही आपले दोर त्यांना दाखवायला आणत. मी चिडवायचे, "भावोजी, मुलगीही अशीच बघणार का, डोळे मिटून?"

"डोळे उघडून दादाने बघितलीच की," ते म्हणायचे.

दोघांचा एक नियम होता. ज्या दोराने पडत्या माणसाला तोललं, त्याचे त्याच दिवशी तुकडे करायचे, मग तो कितीही नवा दिसो. त्याने आत काय सोसलं ते बाहेरून कळत नाही.

त्या सकाळच्या तीन आठवडे आधी हे झाडावरून पडले होते. भावोजी त्या दिवशी तापाने घरी होते. दोराने यांना धरलं, पण मांड्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ उठले. मी मलम लावत होते तेव्हा म्हणाले, "धाकट्याला बोलू नकोस. पन्नाशी झाली म्हणून मला खाली उभा करेल, फांद्या गोळा करायला."

"आणि दोर?"

"कापतो."

कापला असता तर का कापला ते सांगावं लागलं असतं. दोर पिशवीच्या तळाशी गेला. त्या सकाळी नेहमीच्या दोराला करवतीची चीर दिसली, म्हणून भावोजींनी तळातला काढला.

मला वाटलं, हे आता बोलतील. यांना वाटलं असेल, भावोजींच्या बोटांना कळेल. बोटं कुठेच थांबली नाहीत. मी कप पुढे केला आणि म्हणाले, "साखर कमी असेल तर सांगा."

दुपारी पायाखालची फांदी मोडली, भावोजी लटकले आणि दोर तुटला. कमरेखालचं सगळं गेलं.

इस्पितळात यांनी त्यांचा हात धरला. भावोजीच आधी बोलले. "दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस. मीच पारखला होता. माझाच हात चुकला." हे ढसाढसा रडले. बघणाऱ्यांना भावाभावांच्या प्रेमाचं कौतुक वाटलं.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. सांगितल्यावाचूनच गेले. मीही सांगितलं नाही. आधी यांची अब्रू म्हणून, नंतर माझी.

लोक काही दिवस दोर घेऊन येत राहिले. भावोजी हातही लावत नसत. आता टोमॅटोसुद्धा स्वतः निवडत नाहीत.

काल त्यांचा शर्ट खुर्चीशेजारीच वाळत होता, हात पोचेल इतका जवळ.

"वहिनी, वाळला का हो? बघा जरा."

मी कॉलर चाचपली. "ओला आहे अजून."

"बरं," ते म्हणाले, आणि बनियनवरच बसून राहिले.