उपदेशी काबऱ्या

तानुबाईनं काबऱ्याच्या जबड्यात दोन बोटं घातली आणि नाकतोड्याची एक तंगडी बाहेर काढली. बाकीचा नाकतोडा केव्हाच पोटात गेला होता. काबऱ्यानं जीभ फिरवली, शेपटी हलवली आणि पुन्हा दिव्याच्या खांबाखाली जाऊन बसला.

"आयकतस का?" तिनं घरात हाक मारली. "यानी आखो एक खादा."

अभिमनआबा चष्मा कपाळावर ढकलत दारात आले. बायकोच्या हातातली तंगडी त्यांनी पाहिली, कुत्र्याकडे पाहिलं.

"खाऊ दे ना वं. कुत्रं शे ते."

"ते कुत्रं नई, काबऱ्या शे," तानुबाई म्हणाली, आणि ती तंगडी तिनं पदराआड धरून नेऊन तुळशीच्या मातीत ठेवली.

एरंडोलच्या त्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेनं पांढऱ्याफेक उजेडाचा दिवा लावला, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. गल्लीमागे कपाशी. दिवेलागणीला कपाशीतले नाकतोडे, भुंगे, रातकिडे सगळे दिव्याकडे धावायचे आणि खांबाखाली पटापट पडायचे. काबऱ्याला घरबसल्या पंगत मिळाली. तानुबाई रोज संध्याकाळी खराटा घेऊन खांबाखालची जागा झाडायची, जिवंत असतील ते किडे सुपात भरून कुंपणापलीकडे सोडायची आणि मगच त्याला बाहेर काढायची. तोवर वरून नवे पडलेले असत.

तिचा जीव दोन्हीकडून जात होता. महानुभाव पंथाचा उपदेश तिनं माहेरीच घेतलेला. तिच्या घरात अंडं-मटण तर नाहीच, पण साखरेला मुंग्या लागल्या तर डबा उन्हात ठेवून मुंग्यांना मुकाट जाऊ द्यायची रीत. लग्नाआधी गिरणेचे मासे मिटक्या मारत खाणारे अभिमनआबाही वर्षभरात भाकरी-वरणावर आले होते. ते नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. निवृत्तीच्या आधी एकदा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात त्यांना हे पिल्लू सापडलं, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं, भिजून गारठलेलं. कुत्र्यानं कुत्र्यासारखं वागावं हा जगाचा नियम, पण तानुबाईच्या घरात जगाचे नियम चपलांशेजारी बाहेर राहत. काबऱ्या दूध-भाकरीवर वाढला. वरण-बट्टी चवीनं खाऊ लागला. कुणी हाड टाकलं तर हुंगून बाजूला व्हायचा. "आमना काबऱ्या उपदेशी शे," असं ती गल्लीत सांगायची, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आता त्या उपदेशी काबऱ्यानं सगळ्यांदेखत ताळ सोडला होता. पण हसण्यावारी न्यावं असं ते राहिलं नव्हतं. गेल्या दोनेक महिन्यांत तो वाळत चालला होता. पाठीवरचे केस हातात येत. जिना चढताना मागचे पाय लटपटत. किड्यांत विष असणार, कपाशीवर फवारे मारतात ते याच्या पोटात जातंय, हे तानुबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं. पापाची भीती होतीच, पण खरी भीती ही, की एक दिवस हा उठणार नाही.

"उद्या दवाखानामा लई जाऊ," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. त्यांनाही त्या फासळ्या दिसत होत्या, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशीवाल्यांची गर्दी होती. काबऱ्या रिक्षातून उतरला तो आबांच्या धोतरामागेच लपला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अंगानं बारीक. पण टेबलावर कुत्रं उचलून ठेवताना त्यांनी कुणाची मदत मागितली नाही.

"काय होतंय?"

"किडे खातो हो बाई," तानुबाई म्हणाली. "नाकतोडे, भुंगे, जे पडेल ते. त्यानंच वाळला."

बाईंनी काबऱ्याचे डोळे पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या, फासळ्यांवरून हात फिरवला.

"आजी, नाकतोडा खाल्ला म्हणून कुत्र्याला सहसा काही होत नाही. गांधीलमाशी नको, विंचू नको. फवारलेल्या शेतातले किडे नको, आणि घरात झुरळांचं औषध टाकलं असेल तर ती झुरळं नको. तेवढं सांभाळा."

"पण आमच्यामागे कपाशी आहे. ते फवारतात."

"मग दिव्याखाली जाऊ देऊ नका. पण याला विषबाधा झालेली नाही. झाली असती तर लाळ गळाली असती, अंग थरथरलं असतं." त्यांनी पाठीचे केस विंचरल्यासारखे बोटांनी मागे घेतले. मूठभर हातात आले. "खायला काय देता?"

तानुबाईनं सगळं सांगितलं. सकाळी दूध-भाकरी, दुपारी वरण, रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करून, वरून तुपाची धार. सांगताना तिचा आवाज जरासा चढला. पोटच्या पोराला काय वाढतो ते सांगताना आयांचा चढतो तसा.

"अंडं? मटण?"

आबा खिडकीतून बाहेरच्या म्हशी बघू लागले.

डॉक्टरीणबाई समजल्या असाव्यात. त्यांनी आवाज खाली आणला. "आजी, किड्यांनी हा वाळलेला नाही. वाळलाय म्हणून किडे खातोय. त्याच्या अंगाला जे हवंय ते त्याला घरात मिळत नाही, म्हणून तो बाहेर शोधतो. डाळ वाढवा, औषध लिहून देते. पण रोज एक उकडलेलं अंडं दिलंत तर हा लवकर उभा राहील."

परतताना रिक्षात काबऱ्या तानुबाईच्या मांडीवर हनुवटी टेकून झोपला होता. तिचा हात त्याच्या डोक्यावर होता, पण फिरत नव्हता. इतकी वर्षं आपण त्याला तूप वाढलं, आणि तो उपाशीच होता. हे तिला असं लागलं, की घर येईपर्यंत तिनं डोळे पुसायचंही टाळलं, आबांना दिसेल म्हणून.

पुढचे काही दिवस तिनं डाळीचा सपाटा लावला. मुगाचं, तुरीचं, उडदाचं. ताकातलं बेसन. औषधाच्या गोळ्या गुळात घालून. काबऱ्या बिचारा सगळं खाई, आणि अर्धं ओकून टाकी. संध्याकाळी दार लावून घेतलं तरी फटीतून आत आलेला एखादा भुंगा तो झडप घालून मटकावी. आता ती त्याच्या तोंडात बोटं घालत नव्हती.

एका दुपारी आबा म्हणाले, "सुपडूना मळामा धाडी देऊ का? तठे बठ्ठं खातस. हाबी खाई."

सुपडू त्यांचा पुतण्या, पिंपळनेरकडे त्याची शेती, आणि त्याच्या घरी अंडं-मटण सगळं चालायचं. आबांचं म्हणणं चूक नव्हतं. तानुबाई ताटातले तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, उठली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. तिथे भिंतीपलीकडे मेहरुन कपडे वाळत घालत होती.

मेहरुन म्हणजे रमजान पिंजाऱ्याची बायको. गाद्या, रजया भरण्याचं त्यांचं काम. तिच्या केसांत नेहमी कापसाचा एखादा तंतू अडकलेला असे. भिंत कमरेएवढीच, त्यामुळे या घरातलं त्या घरात जायला वेळ लागत नसे.

"अक्का, वाईट नका मानू," मेहरुन दोरीवरच्या चादरीआडून म्हणाली. "ह्यासनासाठे मी रोज आंडं उकडस. आखो एक टाकाले काय लागस? पन काबऱ्याले घरमा नई घेता येत. नमाजनी जागा शे. त्यानं तोंड लागनं, ते भांडं सात पानी धोवं लागस."

"अन् मन्हा ओटावर आंडं चालत नई," तानुबाई म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर. दोघी थोडा वेळ आपापल्या धर्माकडे बघत उभ्या राहिल्या. मग मेहरुननंच वाट काढली. पुढच्या बाजूला, दोन्ही घरांच्या मध्ये, गटारीवर नगरपालिकेची एक रुंद फरशी होती. ती ना हिच्या ओट्याची ना तिच्या. फरशीनं कुणाचा उपदेश घेतलेला नव्हता, आणि पाच वेळची नमाजही तिच्यावर बंधनकारक नव्हती. तिथे जुनी जर्मनची ताटली ठेवायची असं ठरलं.

तानुबाईची एकच अट होती. ते तिला दिसता कामा नये.

सकाळी मेहरुननं भिंतीवर टकटक केलं, की तानुबाई काबऱ्याला पुढच्या दारानं बाहेर सोडायची आणि स्वतः मागच्या खोलीत दार लावून नामस्मरणाला बसायची. मन लागत नसे. बाहेरचा आवाज येतो का म्हणून कान दाराकडे असत. थोड्या वेळानं काबऱ्या परत येऊन दाराला नाक घासायचा. ती त्याचं तोंड न हुंगता त्याला आत घ्यायची, आणि बरं वाटून घ्यायची.

दोन-तीन दिवस असे गेले. मग एका सकाळी टकटक झाली, पण काबऱ्याला सोडायच्या आधीच मेहरुन भिंतीशी येऊन उभी दिसली.

"अक्का, तो खास नई."

"म्हंजे?"

"नुसता बठस ताटलीमोरे. लाळ गळस, पन तोंड लावत नई. तुमना दारकडे देखस. काल कावळा लई गया आंडं, तरी जागचा हालना नई."

तानुबाईला क्षणभर अभिमान वाटला. आणि लगेच काबऱ्या का खात नाही ते तिला कळलं. त्यात धर्म-बिर्म काही नव्हतं. पिल्लू असताना तो ताटावर हावऱ्यासारखा तुटून पडायचा, म्हणून तिनंच त्याला वळण लावलं होतं. ताट समोर आलं की बसायचं. ती हात जोडून पंथाचं "दंडवत" म्हणेल, मग खायचं. ती डोळ्याच्या ऑपरेशनला जळगावला राहिली होती तेव्हा आबांनी म्हणून पाहिलं, शेजाऱ्यांनी म्हणून पाहिलं. हा दिवसभर उपाशी बसून राहिला होता. किडे तो बिनदिक्कत खात होता, कारण किडे कुणी ताटात वाढत नाही. जे समोर मांडलं जाई त्याला मात्र तिची परवानगी लागायची.

"त्याले मी सांगं लागस," ती हळूच म्हणाली. "दंडवत सांगं, का मंग तो खास."

मेहरुननं खाली बघितलं. भिंतीवरचा सुटलेला सिमेंटचा पोपडा ती नखानं काढू लागली.

"माले माहीत शे. रोज आयकस ना मी आठेतून. मी बी सांगी देखं, अक्का."

"काय?"

"दंडवत. तुमनासारखा हात जोडीसन. कोनी नव्हतं गल्लीमा. अल्ला माफ करो." ती ओशाळून हसली. "पन मुडदानं मन्हाकडे देखंबी नई."

तानुबाईनं मेहरुनकडे पाहिलं. ही बाई, जी त्याचं तोंड लागलं तर भांडं सात पाण्यांनी धुते, ती भल्या सकाळी गटारीच्या फरशीपाशी उभी राहून दुसऱ्याच्या देवाला हात जोडते, एका कुत्र्यानं चार घास खावेत म्हणून. आणि आपण दार लावून बसतो. पंथातल्या मोठ्या बायांना हे कळलं तर त्या काय म्हणतील, याचा विचार तिच्या मनात आला. तो बराच वेळ राहिला. अंड्यापुढे उभं राहून तो शब्द तोंडातून काढायचा. त्याचा हिशेब देव कसा लावेल, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"चाल," ती म्हणाली.

पुढच्या दारातून ती बाहेर आली. मागे काबऱ्या, हळूहळू, मागचे पाय सावरत. आबा ओट्यावर दात घासत होते. त्यांनी बायकोला फरशीकडे जाताना पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला.

ताटली मांडलेली होती. मेहरुन पटकन पुढे झाली आणि पदर दोन्ही हातांनी पसरून ताटलीच्या आणि तानुबाईच्या मध्ये उभी राहिली, बाळंतिणीला आडोसा धरावा तशी.

"आते सांगा. तुमले काही दिसत नई."

काबऱ्या आडोशापलीकडे बसला होता. त्याचं फक्त डोकं दिसत होतं, आणि डोळे तिच्यावर लागलेले. तानुबाईनं हात जोडले.

"दंडवत, बाबा," ती म्हणाली. "जेव."

डोकं खाली गेलं. ताटली फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग चाटण्याचा, घाईघाईचा. मध्येच एक ठसका, आणि पुन्हा चाटणं.

तानुबाईचे हात अजून जोडलेलेच होते.

"मेहरुन, सरक ना माय जराशी."

"अक्का, दिसी तुमले."

"दिसू दे," तानुबाई म्हणाली. "तो खास ते देखू दे माले."