पेडलच्या वायरीतला काटा

ज्योतीरामची दोन बोटं प्रेसखाली गेली त्याला पाच दिवस झाले होते, आणि स्वप्नालीला जेवण गोड लागत नव्हतं. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये मशिनच्या वायरिंगचं सगळं काम तिच्याकडे. हात आत असताना ज्योतीरामनेच प्रेस खाली आणणारं पेडल दाबलं, असं मॅनेजर उद्धवरावांनी अहवालात लिहून टाकलं होतं. ज्योतीराम थेरगावच्या दवाखान्यातून एकच सांगत होता, पाय पेडलवर नव्हताच. आज दुपारपासून त्याच प्रेसवर त्याच्या जागी कामगार मंजुळाबाई बसणार होत्या.

स्वप्नालीने तासभर मागून घेतला. प्रेसची मोटर बंद करून तिने वायरीतले विजेचे चढउतार रेघेने दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप ओढत आणला आणि त्याचा प्रोब, म्हणजे तपासायचं टोक, पेडलच्या वायरीला लावला. पडद्यावरची हिरवी रेघ नुसती धावत होती, मध्येच काहीतरी चमकून जायचं. रेघेने कुणाच्या इशाऱ्यावर सुरू व्हायचं ते ठरवणारा ट्रिगरचा खटका तिने आधी पेडलच्याच चॅनेलवर ठेवला. चित्र ठरेना. मग ‘लाइन’वर टाकला, विजेच्या पुरवठ्यातला दोष असता तर ती चमक एका जागी थांबली असती. तेही नाही. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मंजुळाबाई दाराशी येऊन दोनदा बघून गेल्या.

राहिलं होतं ‘एक्स्टर्नल’. इशारा बाहेरच्या दुसऱ्या मशिनकडून घ्यायचा. शेजारच्या पत्रा सरकवणाऱ्या फीडरच्या व्हॉल्व्हवरून तिने वायर आणली आणि फीडर चालू केला. व्हॉल्व्ह खटखटू लागला, आणि दर ठोक्याला पडद्यावर त्याच जागी उंच काटा उभा राहिला. पेडलवर कुणाचाच पाय नव्हता, तरी व्हॉल्व्हचा झटका पेडलच्या वायरीत शिरत होता, आणि प्रेसला तो पाय पडल्यासारखाच वाटणार होता.

तिने वायरींचा माग काढला. दोन्ही वायरी एकाच पट्टीतून नेलेल्या होत्या, आणि दिवाळीआधीच्या घाईत त्या नेल्या होत्या तिनेच.

तिने उद्धवरावांना बोलावून काटा दाखवला. ते म्हणाले, वायर बदला, अहवालाला हात लावू नका. उगाच तुमचंही नाव येईल.

“येऊ द्या,” ती म्हणाली. “वायर मी ओढली. ज्योतीरामभाऊंनी पेडल दाबलं नव्हतं, एवढं आज लिहा. नाहीतर मी लिहून सही करते.”

 तिच्याकडे न बघता उद्धवरावांनी अहवालासाठी नवा कागद मागवला. वायरी वेगळ्या होईपर्यंत मंजुळाबाईंना दुसरं काम मिळालं.

संध्याकाळी तिने दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. ज्योतीराम रागावेल याची तिने तयारी ठेवली होती.

“मलाबी वाटाय लागलं हुतं,” तो हळूच म्हणाला, “आपणच दाबलं असंल म्हून.”

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. बसावं की निघावं हे न कळून ती खाटेपाशी तशीच उभी राहिली.