ड्यूटीआधीचं स्तोत्र

भोपाळमध्ये विषारी वायूनं माणसं मेली, त्या डिसेंबरात ऐरोलीच्या मनोरमानं घरात एक नेम सुरू केला. तिचा नवरा शमुवेल रासायनिक कारखान्यात कामाला होता. तो पहिल्या पाळीला निघण्याआधी दोघांनी बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं आणि प्रार्थना करायची. पाच मिनिटं पुरत. पन्नास दिवसांत एकदाही खाडा झाला नव्हता.

त्या सकाळी शमुवेलला उठायला उशीर झाला. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. "देव काय मस्टर घेऊन बसलाय? संध्याकाळी वाचू," म्हणत तो जिना उतरला.

साडेनऊला कारखान्याचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. शेजारची नंदिनी नाकाशी ओला फडका धरून ओरडली, "ताई, चला, पळा!" मनोरमा उंबऱ्यातच उभी राहिली. आज वाचलं नाही, म्हणूनच हे झालं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दुपारी शमुवेल धडधाकट परतला. "अगं, वायुगळतीचा सराव होता तो. नोटीस लागली होती, सांगायचं विसरलो."

मनोरमा रडली, मग तिनं डोळे पुसले. "अहो, मी स्तोत्राचा ताईत करून तुमच्या दंडाला बांधत होते," ती म्हणाली. "यापुढे तुम्ही घरी आल्यावर वाचू."

"आणि नाही आलो तर?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

ती हसली नाही. "तरी वाचीन."

दुसऱ्या दिवशी बस गेली. पुस्तक न उघडता ती खिडकीत उभी राहिली. तिचे कान भोंग्याकडे लागले होते.